शेवया, सरगुंडे आणि पास्ता : खानदेशातील काही पदार्थनामांचा विचार

'पास्ता' या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ मळलेली कणीक एवढाच आहे. गव्हाची कणीक मळावी, तिला बारीक आकार द्यावा, वाळवावी आणि पुढे पाण्यात अगर दुधात शिजवावी, असे त्या पदार्थाचे लक्षण केले, तर जळगाव व धुळे जिल्ह्यांतील घरांस तो परका ठरत नाही. शेवया, गव्हले, बोटवे, नखुल्या, मालत्या, सरगुंडे ही सारी त्याच कुळातील मंडळी होत. मग हे कूळ कोणी कोणाकडून घेतले, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रश्नच चुकीच्या रीतीने विचारला जातो.

मार्को पोलोने चीनमधून हा पदार्थ इटलीत नेला, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. तो १२९५ मध्ये व्हेनिसला परतला. परंतु जेनोवा येथील १२७९ च्या एका दस्तऐवजात, मृताच्या मालमत्तेच्या यादीत, माकारोनीने भरलेल्या एका पिंपाची नोंद आहे. त्याहीपूर्वी, ११५४ मध्ये, अल्-इद्रिसी हा भूगोलकार सिसिलीतील त्राबिया या गावी 'इत्रिया' नावाचा वाळवलेला पदार्थ विपुल तयार होऊन जहाजांतून दूरदेशी जातो असे लिहून ठेवतो. तेव्हा आख्यायिकेचा निकाल लागलाच आहे.

आपल्याकडील पुरावा निराळ्या स्वरूपाचा आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'सेविका' आढळते. या नावाशी 'शेवई' जोडण्याचा मोह होतो आणि ते बरोबरही असावे. मात्र वर्णन लक्षपूर्वक वाचले पाहिजे. भावमिश्राची सेविका म्हणजे लांब दोरा नव्हे. समितेच्या, म्हणजे बारीक दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या, वाती वळून त्या जवाच्या दाण्याएवढ्या करावयाच्या, वाळवावयाच्या आणि दुधात शिजवून तूप-साखरेसह खावयाच्या. खानदेशातील कोणत्याही गृहिणीस हे वर्णन ऐकविल्यास ती त्यांस गव्हलेच म्हणेल. अर्थात नाव शेवईकडे गेले आणि वस्तू गव्हल्याकडे राहिली. नाव आणि वस्तू यांचा प्रवास एकाच वाटेने होतो असे गृहीत धरणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. गंमत अशी की, इटालियनांच्या एका प्रकाराचे नाव 'ओर्झो' असे आहे व त्याचा अर्थ जव असाच होतो. यावरून देवघेव सिद्ध होत नाही. बोटांत चिमूटभर कणीक घेऊन ती वळली की धान्याच्या दाण्याचाच आकार येतो, आणि पाहणाऱ्यास जे दिसते तेच तो नाव म्हणून योजतो.

हेच इतर नावांविषयी म्हणता येईल. नखुल्या नखाने, बोटवे बोटाने. मालत्या नावाप्रमाणे फुलाच्या वळणाच्या. तिकडे 'ओरेक्किएत्ते' म्हणजे लहानसे कान, 'वेर्मिचेल्ली' म्हणजे बारीक किडे (आपल्या बायकांनी हे नाव खचितच पसंत केले नसते), आणि 'स्पागेत्ती' म्हणजे बारीक सुतळ्या. फारसीत अशाच पदार्थास 'रिश्ता' म्हणत, म्हणजे धागा. नात्याला रिश्ता म्हणणारा हिंदी-उर्दू शब्द तोच. शिवाय ही इटालियन नावे जवळजवळ सर्व अनेकवचनी आहेत. मराठीतही शेवई एक असते, पण पानात वाढतात त्या शेवयाच.

या सर्वांत सरगुंड्यांचे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. कणकेची लांब बारीक वळी सराच्या काडीभोवती गुंडाळावयाची आणि नंतर काडी काढून घ्यावयाची. आत पोकळ, बाहेर मळसूत्री वळण. 'सर' आणि 'गुंडणे' हे दोन्ही अवयव नावात उघडे दिसतात. सिसिलीच्या त्रापानी भागात 'बुसियाते' हा प्रकार अगदी याच कृतीने होतो आणि त्याचेही नाव तेथील एका गवताच्या काडीवरून पडले आहे. तापीकाठ आणि त्रापानी यांचा संबंध जोडण्याचे काही कारण नाही. दोन्हीकडे कणीक होती, काडी होती, कडक ऊन होते.

उन्हाची गोष्ट गौण नव्हे. वैशाखात जळगावचे तापमान चव्वेचाळीस अंशांवर जाते. सकाळी घातलेले वाळवण संध्याकाळी डब्यात भरता येते. खानदेशचे रोजचे अन्न ज्वारी-बाजरीची, कळण्याची भाकरी. गहू हे सणावाराचे धान्य, म्हणून शेवयाही आखाजीला माहेरी आलेल्या लेकीच्या, जावयाच्या, पाहुण्याच्या. गहू ओलवून दळावा, रवा व सपीठ वस्त्रगाळ करून वेगळे करावे, मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवून चांगले कुटावे. बन्सी गव्हाचा चिवटपणा येथे कामास येतो; इटलीतही वाळवलेला पास्ता याच कठीण जातीच्या गव्हाचा करतात. उकळत्या पाण्यातून काढून निथळलेल्या शेवया आमरसात घालून खाणे हा आमच्याकडील उन्हाळ्याचा खरा आनंद. दूध-गूळ किंवा तूप-पिठीसाखरही चालते. धुळे-भुसावळकडील मुसलमान घरांत ईदच्या दिवशी याच शेवयांचा शीरखुर्मा होतो. गव्हल्यांचे स्थान मात्र लग्नघरी. सुवासिनींनी मुहूर्ताचे गव्हले करावयाचे, पुढे ते रुखवतात मांडावयाचे.

घरोघरच्या कुरडया सोऱ्यातून दाबून काढल्या जात असल्याने शेवयांचे यंत्र आले तेव्हा त्यातील तत्त्व बायकांस नवे नव्हते. तरीही भाषा पालटली. पूर्वी शेवया 'वळत'. आता यंत्रावर त्या 'काढून आणतात'. यंत्रास सरगुंडे गुंडता येत नाहीत, नखुलीवर नख उमटविता येत नाही. त्यामुळे ते शब्द ज्या घरांत ती कृती चालते तेथेच उरले आहेत, आणि विद्यार्थ्यांनी बोलीच्या नोंदी घेताना नावाबरोबर कृतीही पाहून लिहावी, हे मी वर्गात वारंवार सांगतो. जुन्या शेवयांस मात्र एक नवे नाव मिळाले आहे. यंत्र येण्यापूर्वी त्यांना विशेषण लागत नव्हते. आता त्यांस 'हातशेवया' म्हणतात.