सोलापूर जिल्ह्यातील मोजणीचे दप्तर आणि अधिकाराची उतरंड

एखाद्या पाहणीचे निष्कर्ष कोणास पाहावयास मिळावेत, हा प्रश्न केवळ कारभाराच्या सोयीचा नसून सत्तेचाही असतो. सोलापूर जिल्ह्यातील जमीनमोजणीच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

१८३० च्या सुमारास आर. के. प्रिंगल यांनी दख्खनच्या जिल्ह्यांत केलेली आकारणी निव्वळ उत्पन्नाच्या अंदाजावर आधारलेली होती. ती फसल्यावर १८३५ साली सोलापूरलगतच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या पद्धतीने काम आरंभिले. तीच पद्धत पुढे सोलापूरकडील तालुक्यांत आली. तीनुसार शेताची मापे टिपणात, जमिनीचा कस प्रतबुकात आणि प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र व सारा आकारबंदात नोंदला जाई.

यांपैकी गावाच्या दप्तरी नकाशा व आकारबंद असे; टिपण व प्रतबुक मोजणी खात्याकडे राही. त्यामुळे शेतकऱ्यास आपला सारा कळे. परंतु सोळा आणे ही उत्तम प्रत असता आपली जमीन आठ आण्यांचीच का ठरली, हे गावातील कागदांवरून उमगत नसे. कुलकर्ण्याजवळ एका गावाचे दप्तर, मामलेदाराजवळ तालुक्याची पत्रके, कलेक्टराजवळ जिल्ह्याची बेरीज, अशी ही रचना होती. पायरीगणिक दृष्टीचा विस्तार वाढे, पण तपशील गळत जाई. तो हवा असल्यास वरिष्ठासही पुन्हा कुलकर्ण्याकडेच वळावे लागे.

या उतरंडीबाहेरूनही माहिती मिळविता येते, हे १८७६-७७ च्या दुष्काळात दिसून आले. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने आपली माणसे सोलापूर जिल्ह्यात धाडून लोकांच्या हालअपेष्टांची माहिती जमविली, ती सरकारपुढे मांडली व प्रसिद्धही केली. पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने नकाशे व जमिनीची नोंदपुस्तके पाहण्याची, तसेच फी भरून उतारे घेण्याची मुभा लोकांस दिली. १९५१ साली कुलकर्णी वतनही संपुष्टात आले.

अभ्यासकाने यातून एक बोध घ्यावा. जिल्ह्याच्या बेरजेवरच जो इतिहास रचला जातो, तो नकळत कलेक्टराच्या नजरेने लिहिला जातो. आकारबंदाशेजारी त्याच गावाचे प्रतबुक ठेवून वाचल्यावाचून, ज्याचे शेत मोजले गेले त्याची बाजू हाती लागणार नाही.