फेअरमाउंट पार्क
अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात स्कूलकिल नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले सार्वजनिक उद्यान. पिण्याच्या पाण्याचे रक्षण हा त्याच्या उभारणीमागचा मोठा हेतू होता. १८५५ मध्ये लेमन हिल ही जागा उद्यानासाठी राखली गेली. फ्रेडरिक ग्राफ याने आखलेले जलकेंद्र १८१५ पासून शहराला पाणी पुरवू लागले. ग्रीक मंदिरासारख्या दिसणाऱ्या या वास्तूत पंप होते, यावर आजही चटकन विश्वास बसत नाही. ते १९०९ मध्ये बंद झाले. शेजारी नौकानयन मंडळांच्या जुन्या इमारतींची रांग (बोटहाउस रो) आहे. पश्चिम काठावरील, १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनातील मेमोरियल हॉलमध्ये सध्या मुलांचे संग्रहालय आहे. नदीकाठी चालण्यासाठी व सायकलसाठी वाटा आहेत. विस्तार मोठा असल्याने एका दिवसात एकच काठ पाहावा.