पदवीचा कागद आणि कामाचा हात



आम्हांस कोणतीही पदवी नाही. शाळा सुटली ती सतराव्या वर्षी. पुढचे शिक्षण लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि अशाच व्याख्यानमालांत मागच्या खुर्चीवर बसून झाले. तेव्हा ‘धंदेशिक्षण देणारा शिक्षक कसा असावा, पदवीधर की अनुभवी?’ या प्रश्नावर आमचा कौल कोणत्या बाजूस पडेल हे आपण आधीच ताडले असेल. परंतु इतिहास चाळू लागल्यावर आमचे मत पहिल्याइतके सरळ राहिले नाही. ते कसे बदलले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रश्न डोक्यात शिरला तो एका प्रसंगाने. आमच्या संघटनेतील एक टर्नर, बावीस वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस, कारखाना बंद पडल्यावर एका प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशकाची जागा मागावयास गेला. त्याने कारखान्यात कितीतरी नव्या इंजिनिअरांना टूलला धार कशी लावावी हे दाखविले होते. संस्थेने त्याचा हात पाहिलाच नाही. ‘सर्टिफिकेट कोठे आहे?’ एवढे विचारून त्याला परत पाठविले. आम्हांस संताप आला. हा अन्याय कोणी व कधी सुरू केला, याचा शोध घेण्यासाठी आम्ही पुस्तके उघडली.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. जो करी तोच शिकवी. सुतार मुलाला, लोहार पुतण्याला शिकवी. या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. तेथे प्रवेशाचा दाखला जन्माचा होता. ज्याचा बाप सोनार नाही त्याला सोनाराच्या भट्टीजवळ कोण बसू देणार? शाळा निघाली, परीक्षा आली, कागद आला, तेव्हा कोणत्याही घरातील मुलाला हत्यार हाती धरण्याचा मार्ग निदान नियमाने तरी खुला झाला. ज्या कागदावर आम्ही चिडलो होतो, त्याने एके काळी हे मोठे काम केले आहे.

शाळा निघाल्यावर नवी अडचण उभी राहिली. उस्तादाजवळ दोनचार मुले बसत. वर्गात पन्नास बसणार. येथे रशियाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी सुतारी, लोहारी, कातकाम यांचे लहानलहान क्रमवार पाठ पाडले. आधी सोपा जोड, मग अवघड. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले आणि अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ चकित झाले. काम करणे ही एक विद्या आणि त्याच कामाचे पाठ पाडून शिकविणे ही दुसरी, हे त्यातून उघड झाले.

मग ही दुसरी विद्या कोणाला द्यावी? अमेरिकेने १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यात उत्तर दिले. धंदेशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी केंद्राचा पैसा मिळेल. मात्र ज्यांना त्या धंद्याचा पुरेसा अनुभव आहे, किंवा जे प्रशिक्षणातच तो मिळवीत आहेत, त्यांनाच तो लाभ. म्हणजे अनुभव आधी, शिकविण्याची कला त्यावर. जर्मनीत १९०८ पासून हस्तव्यवसायांत उमेदवार शिकविण्याचा अधिकार ‘माइस्टर’ परीक्षा उतरलेल्यालाच मिळू लागला. आज या परीक्षेचे चार भाग आहेत: हातचे काम, त्यामागचे शास्त्र, हिशेब व कायदा, आणि उमेदवारांस शिकविण्याची पात्रता. वर्षे मोजून जर्मन थांबत नाहीत. हात तपासतात आणि जीभही तपासतात.

आता आपल्या देशाकडे येऊ. पुण्यातच १८५४ साली इंजिनिअरिंग क्लास व मेकॅनिकल स्कूल निघाले, ते बांधकाम खात्यास दुय्यम नोकर पुरविण्यासाठी. तेथे लहानशी कार्यशाळाही होती. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली आणि पदवीकडे वळली. आज ती मोठे अभियांत्रिकी विद्यापीठ आहे. कारागिराच्या शिक्षणाला वेगळी वाट हवी होती, ती दुसऱ्या महायुद्धाच्या रेट्याने मिळाली. १९४१ पासून हिंदी कामगारांच्या तुकड्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. ही योजना अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखली जाते. अकराव्या वर्षी शाळा सुटलेला आणि कामगार संघटनेतून मजूरमंत्रिपदावर चढलेला हा माणूस. त्याच्याविषयी आम्हांस आपुलकी वाटली तर श्रोत्यांनी क्षमा करावी. इकडे १९४२ ते १९४६ डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते पाहत होते. त्याच काळात, जुलै १९४५ मध्ये, पुनर्वसन व रोजगार संचालनालय निघाले. सैन्यातून सुटलेल्यांना कामधंद्यास लावणे हा त्याचा हेतू. १९४८ साली बिलासपूरजवळ कोनी येथे निदेशक घडविणारी संस्था निघाली आणि १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. सुमारे पन्नास संस्थांपासून वाढत ही आयटीआय आज चौदा हजारांच्या वर गेली आहेत.

निदेशकाच्या पात्रतेचा सरकारी नियम वाचला, तेव्हा आम्ही चकित झालो, कारण तो आमच्या कल्पनेपेक्षा शहाणा निघाला. अभियांत्रिकीच्या पदवीधरास एक वर्षाचा अनुभव, पदविकाधारकास दोन वर्षांचा, आणि आयटीआयचा किंवा शिकाऊ उमेदवारीचा राष्ट्रीय दाखला असलेल्यास तीन वर्षांचा. शिवाय निदेशकाचे प्रशिक्षण हवेच. आणि दोन तुकड्यांना दोन निदेशक असतील, तर एक पदवी वा पदविकावाला असावा, दुसरा आयटीआय वा उमेदवारीच्या वाटेने आलेला! नकाशा एकाने समजावावा, कानस दुसऱ्याने धरून दाखवावी. याहून बरी जोडी आम्हांस सुचली नसती.

मग आमच्या टर्नरचे घोडे अडले कोठे? तो कोणताच दाखला न घेता हेल्पर म्हणून लागला आणि पाहूनपाहून शिकला. अशांसाठीही वाट आहे: खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेस बसता येते. परंतु त्यासाठी मालकाकडून अनुभवाचा दाखला हवा. कंत्राटदार दर वर्षा-दोन वर्षांनी बदलले. कोणी लिहून दिले नाही. आम्ही त्याच्या भविष्यनिर्वाह निधीच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. चिठ्ठ्यांवर वर्षे दिसली, काम दिसेना. बावीस वर्षे लेथ चालविलेला माणूस कागदावर नुसता ‘कामगार’ होता.

येथे आमचे मत पालटले. पदवीने अनुभवाला हरविले असे आम्ही समजत होतो. वस्तुतः या माणसाचा अनुभव तराजूपर्यंत पोहोचलाच नव्हता. पदवीची नोंद विद्यापीठ ठेवते. हाताची नोंद कोणी ठेवीत नाही. आणि यात आमचाही दोष आहे. आम्ही युनियनवाल्यांनी पगार, बोनस, रजा यांसाठी वाटाघाटी केल्या. ‘कामाचा प्रकार आणि हुद्दा लिहिलेला दाखला द्या’ ही मागणी यादीत शेवटी टाकली आणि तडजोडीत पहिल्याने सोडली.

अनुभवाची वकिली करताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमचा स्वतःचा उस्ताद कसबी होता, पण शिकविणे त्याला येत नसे. चूक झाली की टपली मारी. का चुकले ते सांगत नसे, कदाचित त्याला सांगता येत नसेल. त्याच्या हाताखाली आम्ही दोन वर्षांत जे शिकलो, ते चांगल्या निदेशकाने सहा महिन्यांत शिकविले असते. म्हणून नुसती वर्षे मोजून कोणास शिक्षक करा, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचे म्हणणे थोडके आहे. प्रत्येक कामगारास, कंत्राटी असला तरी, कामाचा प्रकार लिहिलेला दाखला मिळावा. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने पूर्वी शिकलेल्या कामास मान्यता देण्याची सोय केली. तिचा जिना निदेशकाच्या खुर्चीपर्यंत न्यावा. उमेदवार पदवीधर असो वा मिस्त्री, त्याला यंत्रापुढे उभे करून काम करावयास लावावे, आणि नंतर तेच काम चार मुलांना समजावून सांगावयास लावावे. आपल्यांतील जे पालक मुलाचे नाव घालण्यास संस्थेत जातील, त्यांनी फी विचारण्यापूर्वी यंत्राजवळ कोण उभा राहतो हे विचारावे.

तो टर्नर आता एका लहानशा शेडमध्ये रोजावर काम करतो. संध्याकाळी जवळच्या संस्थेतील दोन-तीन मुले त्याच्याकडे टूलला धार लावावयास शिकतात. तो त्यांना फुकट शिकवितो आणि त्याची नोंद अजूनही कोठे होत नाही.