ससूनमधील कंदिलाची रात्र

१२ जानेवारी १९२४ ची ही गोष्ट. येरवड्याच्या तुरुंगांतून पुण्याच्या ससून रुग्णालयांत आणलेल्या महात्मा गांधींचा आंत्रपुच्छाचा विकार बळावला होता. मुंबईच्या विश्वासू डॉक्टरांची वाट पाहणें धोक्याचें होतें. तेव्हां श्रीनिवास शास्त्र्यांच्या समक्ष त्यांनीं संमतिपत्रावर पेन्सिलीनें, कांपत्या हातानें सही केली. कैदी सरकारचा, शल्यविशारद कर्नल मॅडॉकही सरकारचेच! कांहीं विपरीत घडतें, तर देशानें कोणावर विश्वास ठेवला असता?

शस्त्रक्रिया चालू असतांनाच विजेचा दिवा गेला. परिचारिकेनें विजेरी धरली, तीही विझली. उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें झालें. यश मॅडॉकांच्या नांवावर जमा झालें, आणि तें योग्यच. परंतु अशा वेळीं उजेड धरणारा हात शस्त्र धरणाऱ्या हाताइतकाच मोलाचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियागृहासाठीं एक तपासयादी दिली. पहिला छेद घेण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावें, असें तींत एक कलम आहे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरली, तेव्हां मृत्यूचें प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलें.