विराम श्वासाचा आणि विराम अर्थाचा

नागपूरच्या दक्षिणेला असलेल्या बेसा येथील मराठी शाळेत सातवीत शिकणाऱ्या मुलाच्या दप्तरात तीन भाषांची पुस्तके असतात. मराठीतले वाक्य टिंबाने संपते, हिंदीतले उभ्या दंडाने आणि इंग्रजीतले पुन्हा टिंबाने. मराठी व हिंदीची लिपी एकच असताना हा फरक का? आणि मराठीत सहज लिहिणारी मुले इंग्रजीत स्वल्पविराम भलत्याच जागी का देतात? दोन्ही प्रश्नांची उत्तरे विरामचिन्हांच्या इतिहासात सापडतात.

प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत शब्द एकमेकांना जोडून लिहीत. इ. स. पूर्व 200च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टोफेनिस याने मजकुरात वेगवेगळ्या उंचीवर टिंबे देण्याची पद्धत सुचवली. मोठ्याने वाचणाऱ्याने कोठे किती थांबावे, हे त्यांवरून कळे. ‘कॉमा’ म्हणजे कापलेला तुकडा आणि ‘कोलन’ म्हणजे अवयव. ही मुळात वाक्याच्या भागांची नावे; ती पुढे चिन्हांना चिकटली. आजच्या स्वल्पविरामाचे आणि अर्धविरामाचे रूप रुळले ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस, व्हेनिस येथील आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यातून. छापील पुस्तके वाढली, मनातल्या मनात वाचणे वाढले, आणि चिन्हांचे कामही बदलत गेले. श्वासाची जागा दाखवण्यापेक्षा वाक्याची रचना दाखवणे महत्त्वाचे ठरले.

आपल्याकडे काय होते? नागरी पोथ्यांत श्लोकाच्या अर्ध्यावर एक दंड आणि शेवटी दोन दंड देत. मोडी लिहिताना आधी रेघ आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. शब्दांमध्ये जागा सोडण्याचाही प्रघात नव्हता. तरी कारभार अडत नसे, कारण मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. ‘आहे’, ‘केले’, ‘पाठविले’ असे आले की वाक्य संपल्याचे वाचणाऱ्याला समजे. पूर्णविरामाचे बरेचसे काम क्रियापदच करीत होते.

एकोणिसाव्या शतकात मुद्रण आणि सरकारी शाळा आल्या आणि इंग्रजीवरून पाठ्यपुस्तके भाषांतरित होऊ लागली. ती तयार करण्यात व तपासण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. मोल्सवर्थ यांना मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात साहाय्य करणारे ते हेच. 1850 साली त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रजी चिन्हे मराठीत रुजली ती अशा प्रयत्नांतून. मराठीने टिंब घेतले, हिंदीने दंड राखला.

पण उसनी आणलेली सगळीच चिन्हे सारखी रुजली नाहीत. कोलन, म्हणजे अपूर्णविराम, आपल्या विसर्गासारखा दिसतो. ‘साहित्य:’ असे लिहिले तर शेवटी विसर्ग आहे की काय, अशी शंका येते. म्हणून मराठीत त्याच्यापुढे आडवी रेघ जोडण्याची किंवा नुसती रेघ देण्याची पद्धत पडली. संगणकावर विसर्ग आणि कोलन यांचे संकेतांक वेगळे आहेत. तरीही टंकलेखनात एकाच्या जागी दुसरा पडतोच.

स्वल्पविरामाची अडचण निराळी आहे. ‘विराम’ म्हणजे विसावा. नावातच श्वास आहे. म्हणून मूल जेथे थांबते तेथे चिन्ह देते. ‘द चिल्ड्रन हू लिव्ह इन बेसा, वॉक टू स्कूल’ हे वाक्य पाहा. ‘बेसा’नंतर जीभ थांबते हे खरे, पण तेथे कर्ता आणि क्रियापद तुटतात. इंग्रजीत ते चालत नाही. चिन्ह काढले तर अर्थ होतो : जी मुले बेसा येथे राहतात, तेवढीच चालत येतात. आता ‘चिल्ड्रन’नंतर आणि ‘बेसा’नंतर असे दोन्हीकडे स्वल्पविराम देऊ. अर्थ होतो : सगळीच मुले चालत येतात, आणि ती बेसा येथे राहतात हे जाता जाता सांगितले. शाळेला बस हवी की नको, हे या दोन चिन्हांवर ठरू शकते!

कोलनचा नियमही रचनेचाच आहे. त्याच्या आधीचा भाग स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. ‘वुई नीड थ्री थिंग्ज: अ बीकर, अ स्टँड अँड अ थर्मामीटर’ हे बरोबर. ‘वुई नीड’ एवढ्यावरच कोलन दिला, तर क्रियापदाला त्याच्या कर्मापासून तोडल्यासारखे होते.

शिक्षकांना एक साधा प्रयोग करता येईल. ‘श्वास घ्याल तेथे स्वल्पविराम द्या’ असे न सांगता, दोन स्वल्पविरामांमधला तुकडा बोटाने झाकायला सांगावा. उरलेले वाक्य उभे राहते का? सांगायचे होते तेच सांगते का? कोलनपुढचा भाग झाकून पहिला प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर मुलांनी स्वतः शोधावे. चुकीच्या चिन्हाला लाल रेघ मारून एक गुण कापण्यापेक्षा या झाकाझाकीतून मूल अधिक शिकेल, कारण वाक्य कशाने बांधलेले असते हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.