रक्तदाबाचें माप : घोडीपासून घरापर्यंत

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील पुष्कळशा घरांत आतां थर्मामीटरशेजारीं रक्तदाब मोजण्याचें एक लहानसें यंत्र ठेवलेलें असतें. वडील मंडळी सकाळीं चहापूर्वीं दंडाला पट्टा गुंडाळून कळ दाबतात, आणि उमटलेले दोन आंकडे घरांतील कोणीतरी वहींत टिपून ठेवतें. हा नित्यक्रम इतका साधा झाला आहे कीं, त्यामागें जवळजवळ तीनशें वर्षांची खटपट आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

रक्ताचा दाब प्रथम मोजून दाखविला तो वैद्यानें नव्हे, तर स्टीफन हेल्स नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें. त्यानें एका घोडीच्या मांडीच्या धमनींत पितळेची नळी बसवून तिला कांचेची उंच नळी जोडली. तेव्हां रक्त आठ फूट तीन इंचांपर्यंत चढलें. हा वृत्तांत त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केला. प्रयोग बोधप्रद खरा, परंतु घोडी त्यांत मेली! पुढें १८२८ सालीं प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञानें नळींत पारा घातला. पारा पाण्याहून साडेतेरा पटींनीं जड असल्यामुळें आठ फुटांचें काम वीतभर उंचींत होऊं लागलें. मात्र धमनी कापणें कांहीं टळलें नाहीं.

तें टाळलें १८९६ सालीं, इटलींतील ट्युरिन येथें, रिव्हा-रोच्ची यानें. त्याची युक्ति आपल्याकडील नाडीपरीक्षेच्या फार जवळची आहे. सायकलच्या रबरी नळीचा पट्टा दंडाभोंवतीं आवळून त्यांत हवा भरावयाची, बोटें मनगटावर ठेवावयाचीं, आणि नाडी लुप्त होतांच पारा किती चढला तें पाहावयाचें. बोटें वैद्याचींच राहिलीं. त्यांच्या साक्षीला पारा आला. त्याचा पट्टा फार अरुंद असल्यानें दाब वाजवीपेक्षां अधिक दिसे. तो दोष पांचएक वर्षांत दुसऱ्यांनीं दूर केला. १९०५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें कोरोत्कोव्ह यानें कोपराच्या खोबणींत नळी लावून धमनीचे ठोके केव्हां उमटतात आणि केव्हां विरतात तें ऐकलें, आणि वरच्या आंकड्याला खालच्या आंकड्याची जोड मिळाली.

पण माप मिळालें म्हणून उपाय मिळाला, असें झालें नाहीं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब चढलेला आहे हें त्यांच्या वैद्यांस आधींपासून ठाऊक होतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं ते कोसळले तेव्हां तो ३०० वर १९० भरला, आणि त्याच दिवशीं मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. ज्यांच्या सेवेस राष्ट्रांतील उत्तमोत्तम वैद्य हजर, त्यांची ही गति. मग इतरांची कथा काय?

या अंधारांत मुंबईचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यकांत पूर्वापार असून, ती रक्तदाबावर चालते असें सेन आणि बोस यांनीं १९३१ सालीं लिहिलें होतें. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ती ५० रुग्णांना देऊन, त्यांचे दाब रीतसर मोजून, १९४९ सालीं ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकांत निष्कर्ष मांडले. त्या वेळीं अंधेरी आणि घाटकोपर मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं नव्हतीं. बोरिवली आणि मुलुंड तर १९५७ सालीं आलीं. वकिलांचा लेख वाचून बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनीं तें औषध तेथें वापरून पाहिलें, १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत मुळींतून रिसर्पीन वेगळें काढण्यांत आलें, आणि १९५७ सालीं वकिलांना लास्कर पारितोषिक मिळालें. रिसर्पीन कांहींजणांचें मन उदास करी. पुढें अधिक सोसणारीं औषधें आल्यावर तें मागें पडलें.

बोस्टनमध्येंच १९४० सालीं एमन आणि गोल्डशाइन या डॉक्टरांनीं रुग्णांना घरीं दाब मोजावयास शिकविलें होतें. घरचे आंकडे दवाखान्यांतल्यापेक्षां पुष्कळदां बरेच खालीं आले. डॉक्टरांसमोर मन धसकतें, नि दाब चढतो. म्हणूनच आज दवाखान्यांत १४० वर ९० ही जी मर्यादा धरतात, तीच घरीं १३५ वर ८५ धरतात. आतांच्या यंत्राला ऐकणारा कान लागत नाहीं. पट्ट्यांतील हवेचीं स्पंदनें मोजून तें स्वतःच हिशेब करतें.

मात्र गाडींतून उतरून, स्थानकाचा पूल ओलांडून आणि तीन जिने चढून आलेल्या गृहस्थानें धापा टाकीतच पट्टा बांधला, तर यंत्र त्याच्या जिन्यांचें माप सांगेल. पांच मिनिटें पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात हृदयाच्या उंचीवर घेऊन मुकाट्यानें बसावें. मिनिटाच्या अंतरानें दोनदां मोजावें. एका आंकड्यावर आपण होऊन गोळी वाढविणारे आणि सोडणारे, दोघेही घरोघर आढळतात. डॉक्टर मात्र सात दिवसांची, सकाळ-संध्याकाळची वही मागतात, तींतला पहिला दिवस वगळतात, आणि उरलेल्यांची सरासरी काढून मग औषधाचें ठरवितात.