शेजाऱ्याचा दंड

पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते ती खोपोलीच्या विजेमुळे. १९१५ साली टाटांनी घाटमाथ्यावरच्या तळ्यांचं पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून वीज काढायला सुरुवात केली, आणि जनित्रं फिरवून झालेलं पाणी नदीला मिळालं. या बारमाही पाण्याकाठीच १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना आला. पाठोपाठ दुसरे आले. मोहोपाडा, वाशिवली, चांभार्ली या गावांच्या मधोमध रसायनी नावाचा मुलूख उभा राहिला. कारखान्याच्या वसाहतीत शेजारी कोण असणार हे क्वार्टरच्या यादीवर ठरायचं. तिथे मल्याळी, तेलुगू, देशावरचे आणि आमचे आगरी, कुणबी एका जिन्यावर राहिले. फाटकाच्या बाहेर मात्र गावकी होती, आणि मी लग्न होऊन आले ती फाटकाबाहेरच्या गावात.

गावकी म्हणजे काय, हे नव्या सुनेला कोणी सांगत नाही, कळतच जातं. लग्नाची मोठी पातेली गावकीची. मांडवाला माणसं गावकीची. होळीचा मान, पालखीचा मार्ग, देवळाची किल्ली, मयताला खांदा, सगळं गावकीचं. लावणीला तर पाऊस थांबून राहत नाही. आज तुमच्या शेतावर सगळ्यांनी वाकायचं, उद्या माझ्या. हे सगळं चांगलंच होतं असं मी आजही म्हणेन. माझी बाळंतपणं त्याच बायकांच्या जिवावर निभावली. पण या सगळ्यातून एक घर वजा करायचं ठरलं, की ते घर उभ्या उभ्या वाळतं.

माझ्या डोळ्यांसमोर असं एक घर वाळलं. देवळालगतच्या जागेचा वाद होता. त्या घरातल्या म्हाताऱ्याने बैठकीत अंगठा द्यायला नकार दिला, एवढंच. कागदात लिहिलंय ते खरं नाही, मग खूण कशी करू, असं तो म्हणाला. गावकीने दंड सांगितला, त्याने भरला नाही, आणि घर वाळीत पडलं. आता खरी मेख पुढे आहे. त्या घराशी जो बोलेल, विस्तव-पाणी देईल, त्यालाही दंड.

विवेकाच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी त्या म्हाताऱ्याची सांगतो. त्याचं मोठेपण आहेच. पण त्याचा निर्णय एकदाच झाला आणि संपला. त्या दिवसापासून रोज सकाळी निर्णय करावा लागला तो शेजाऱ्यांना. विहिरीवर त्याची सून दिसली तर हसायचं की मान फिरवायची? त्यांचं वासरू आपल्या परड्यात शिरलं तर हाकलायचं की बांधून निरोप धाडायचा? माझ्या सासूबाई बैठकीला कधी गेल्या नव्हत्या, बायकांना तिथे बसायला जागाच नव्हती. त्या मागच्या दाराने ताकाचा गडवा त्या घरी पोचवत राहिल्या. सासऱ्यांनी एकदा टोकलं तेव्हा म्हणाल्या, "दंड आला तर माझ्या पाटल्या मोडा, पण पोरांचं ताक मी तोडायची नाही." दंड आला, भरला गेला, ताक चालू राहिलं. त्यांना कोणी धीट म्हटलं असतं तर त्यांनी हातातला गडवाच दाखवला असता.

सासूबाईंमुळे मी जुन्या बहिष्कारांची प्रकरणं वेगळ्या नजरेने वाचू लागले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी, गोदूबाईशी, लग्न केलं. मुरूडकरांनी बहिष्काराचा ठराव केला, आणि त्याचा रोख कर्व्यांपेक्षा घरच्यांवर जास्त होता. मुलाला घरात घेतलं तर तुम्हीही बाहेर. कर्वे पुण्यात होते, त्यांना नोकरी होती. मुरूडमध्ये आई होती. तिने काय करायचं? तिकडे पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. त्यांचं स्वतःचं काही अडलं नव्हतं, अडचण मित्रांच्या घरी होती. लोक रानड्यांना त्यासाठी भित्रे ठरवतात. मला ते पटत नाही. जिवलगांना पुढे करून माणसाला वाकवायचं, हीच तर या शस्त्राची रीत आहे.

आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, १९२७ साली महाडला वेगळं घडलं. चवदार तळ्याच्या सत्याग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाजूला सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते, गंगाधर सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. आपल्या जातीतून वजा होण्याची किंमत त्यांनी मोजली. तरी ते दोघे-तिघे होते, हे मी मुद्दाम सांगते. पाणी प्यायलेल्यांना पुढे गावोगाव जे सोसावं लागलं त्याला तोड नव्हती, कारण त्यांचं पोट सवर्णांच्या शेतावर होतं. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, ज्यात आंबेडकरही सभासद होते, १९३० च्या अहवालात हे सविस्तर नोंदवलं. कसायची जमीन काढून घेतात, काम बंद करतात, वाणी माल देत नाही, वाट अडवतात. गोलमेज परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी बहिष्कार हा गुन्हाच ठरवा अशी मागणी मांडली, आणि नमुना म्हणून ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला.

आणि तरीही गावकीला नुसत्या शिव्या देऊन मला पुढे जाता येत नाही. १९३३ साली अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! लोकांनी लाकूडफाटा विकला, भुकेले राहिले, पण नांगर धरला नाही. गावाची जबर एकी नसती तर हे आठवडाभरही टिकलं नसतं. तीच बैठक, तोच शब्द, तोच धाक. संपात एखाद्याचं मन वेगळं सांगत असेल तर त्याचं काय झालं असेल, हा प्रश्न माझ्या मनात येतो, आणि तरी माझं माप संपकऱ्यांच्या बाजूला झुकतं. खोताला उपाशी ठेवणं आणि शेजाऱ्याच्या पोरांचं ताक तोडणं यांत फरक आहे. एकात जोर वर लावलेला असतो, दुसऱ्यात बाजूच्या घरावर.

कारखान्याचा पगार आला की गावकी आपोआप मरेल असं आम्हा शिक्षकांना वाटायचं. लावणीला आता माणसं कुणाला लागणार? पण तसं झालं नाही. शेतावरचा धाक गेला आणि तो जमिनीच्या व्यवहारात, कंत्राटांत, निवडणुकीच्या उमेदवारीत जाऊन बसला. शिवाय मयताला खांदा पगारातून विकत मिळत नाही. रायगड जिल्ह्यातली वाळीत टाकल्याची प्रकरणं पुढे वर्तमानपत्रांत येत राहिली, उच्च न्यायालयापर्यंत गेली.

कायदाही वाकड्या वाटेने आला. १९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्कृत करण्याला बंदी घातली होती. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या अर्जावर रद्द केला. ज्या पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं आहे, त्याच्या शेजारच्याच सव्विसाव्या कलमाचा आधार बहिष्कार घालणाऱ्याला मिळाला. सरन्यायाधीश सिन्हांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला, माणसाची प्रतिष्ठा त्यांना मोठी वाटली. मला त्यांचंच बरोबर वाटतं. पुढे एप्रिल २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. आंबेडकरांच्या मागणीला तोवर पंचाऐंशी वर्षं होऊन गेली होती.

या कायद्याखाली पीडित माणूस किंवा त्याच्या घरचं कोणीही पोलिसांत जाऊ शकतं, थेट दंडाधिकाऱ्याकडेही जाऊ शकतं. पण खटल्यात विहिरीवर काय घडलं, दुकानात कोण काय बोललं, हे सांगायला साक्षीदार लागतो, आणि तो त्याच गावातला लागतो. खालापूर-कर्जतकडच्या माझ्या वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या आळीतल्या कुणाचं प्रकरण उभं राहिलं आणि समन्स तुमच्या नावाने आलं, तर तारखेला जा, आणि पाहिलंत तेवढं सांगा.